तणसाचा बैल, स्टुडिओतला कोट

माझा चेहरा मी आजवर बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. पानठेल्याच्या आरशात, स्टीलच्या गिलासात, मंडईतल्या नाटकांच्या हँडबिलांवर, आणि एकदा कारध्याच्या पुलावर एका ट्रकच्या मागे चिकटवलेल्या पोस्टरवर, तोही अर्धा फाटलेला. पण संग्रहालयात, काचेमागे, खाली 'आपल्या पूर्वजांपैकी एक' असं ठळक लिहिलेला माझा चेहरा पाहिला तेव्हा, खरं सांगतो, आधी आनंदच झाला. नटाची जात. भिंतीवर लागलो की बरं वाटतं, भिंत कसली आहे ते मागाहून बघतो.

तो आनंद काही टिकला नाही. फोटोसमोर एक म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, वाकलेली पाठ. तिनं पदराच्या गाठीतून झेंडूचं एक फूल काढलं, फ्रेमच्या खालच्या फळीवर ठेवलं, हात जोडले आणि मला, म्हणजे काचेतल्या मला, म्हणाली, "येतो बा."

ती गेली. मी तिथंच उभा.

हे संग्रहालय अड्याळकडच्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक वाचतात आणि वाचून झालं की फोन करतात. विहाराच्या मागे टिनाचं छप्पर घातलेला एक लांबट हॉल आहे, त्यात एका निवृत्त गुरुजींनी ते मांडलं आहे. मी पाटबंधारे खात्यात नोकरी करत जिल्हे हिंडलो आणि भंडाऱ्याला परतलो तेव्हा वय केसांत आणि गुडघ्यांत सारखंच शिरलेलं होतं. गुरुजींचे निरोप तोवर येतच होते. तुझ्या आजोबाचा फोटो लावला आहे, एकदा येऊन पाहून जा. शेवटी दसऱ्याच्या आधी, धान निसवायला आलं तेव्हा, मी गेलो.

गुरुजींचा नियम सोपा होता: घरटी एक फोटो. दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराच्या दारात सायकल लावायची, चहा घ्यायचा, भिंतीवरचा सगळ्यात जुना फोटो उतरवून न्यायचा, मोठा करून घ्यायचा आणि मूळचा परत आणून द्यायचा. ज्या घरात फोटो नाही त्या घराची जागा भिंतीवर मोकळी ठेवायची. अशा मोकळ्या जागा त्या हॉलमध्ये बऱ्याच आहेत. पाहुणे विचारतात, इथले फोटो पडले काय?

फोटोंची गंमत ऐका. भंडाऱ्यात तेव्हा एक स्टुडिओ होता. त्यात गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट खुंटीला टांगलेला असायचा. छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्याकडच्या माणसांच्या हाती जेव्हा केव्हा फोटोपुरते पैसे आले, तेव्हा ती त्या स्टुडिओत गेली आणि त्या कोटात शिरली. कोट एकच. त्याचं दुसरं बटन तुटलेलं. आता हॉलमध्ये एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नजर फिरवा: सुकडे, जाडे, बुटके, सगळे त्याच कोटात, सगळ्यांचं दुसरं बटन गायब, सगळ्यांच्या मागे तोच रंगवलेला तलाव आणि त्यातला न हलणारा हंस. माझे आजोबाही त्यात आहेत. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. खिशाला पेन लावलेला, जो ते कधी वापरू शकले नाहीत. छाती मात्र अशी काढलेली की तुटलेलं बटन तिच्यामुळेच उडालं असावं.

लोक येतात आमचं दुःख पाहायला आणि त्यांच्याकडे बघतात कोट घातलेली माणसं. पाहुण्यांची निराशा मी स्वतः पाहिली. गडचिरोलीकडून आलेलं एक मंडळ कोटांसमोरून बाजारातल्यासारखं सरकत गेलं. थांबलं ते एकाच फोटोसमोर. माझ्या.

दीक्षेआधी गावात मेलेलं ढोर ओढून बाहेर नेण्याचं काम आमच्या लोकांवर होतं, हे तुम्हाला माहीत असेल. दीक्षेनंतर ते सोडलं. सोडल्याबद्दल मारही खाल्ला. त्या कामाचा फोटो या हॉलमध्ये दुसरा कोणताही नाही, आणि असणार तरी कसा? कॅमेरा ज्याच्याकडे होता तो माणूस त्या वाटेनं नाकाला रुमाल लावून जायचा. त्यामुळे बाया रडतात त्या याच फोटोसमोर. धान कापून झालेली बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, तिच्यातून वाकून चाललेला काळा उघडा माणूस, खांद्यावर दोर, दोराच्या टोकाला कडेला निसटती दिसणारी शिंगं. तोंड अर्धं सावलीत. गुरुजींनी त्यावर एक छोटा दिवाही लावलेला आहे.

मी जवळ गेलो. त्या माणसाच्या डाव्या मनगटावर एक फिकट पट्टा होता. घड्याळ उतरवल्यावर राहतो तसा.

ते घड्याळ मला बी.ए. झाल्याबद्दल मिळालं होतं आणि फोटोवाल्याच्या सांगण्यावरून मी ते एका मिनिटासाठी काढून आमच्या नाटक मंडळाच्या मॅनेजरच्या खिशात ठेवलं होतं.

आता नाटकाचं सांगतो. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक. आमचं एक मंडळ होतं. त्या वर्षी आम्ही दीक्षेच्या आधीच्या दिवसांवर नाटक बसवलं. नायक मी, कारण घड्याळ माझ्याकडे होतं. मेलेला बैल आम्ही तणसाचा केला. तणस म्हणजे धानाचं वाळलेलं गवत. पोत्यात भरून शिवलं की फार इमानदार बैल होतो, खात नाही, लाथ मारत नाही. शिंगं घेतली आधीच्या वर्षीच्या पौराणिक नाटकातल्या राक्षसाच्या मुकुटाची. हँडबिलासाठी फोटो हवा म्हणून भंडाऱ्याहून फोटोवाला बोलावला. तो भर दुपारी आला, जेवला, हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हा तं जावई दिसते. ढोर ओढणारा कसा दिसंन?" मग मॅनेजरनं माझ्या अंगाला काजळी आणि तेल चोळलं. फोटोवाल्यानं तोंड खाली करायला लावलं, कारण माझे गाल फार सुखी होते.

ओढायचं कसं, हे मी आजोबांना विचारायला गेलो होतो. ते अंगणात दाताला तंबाखू लावत बसलेले. म्हणाले, "काहून रे? त्याची नक्कल कराले तुले बी.ए. शिकवलं काय?" मी म्हणालो, लोकांना कळलं पाहिजे. ते म्हणाले, "मले कळलं तेवढं गंज झालं, पुरे झालं." आणि आत गेले. म्हणून ते वाकणं, तो खांद्यावरचा दोर, ते सगळं माझ्या डोक्यातलं. कुठून आलं होतं कोण जाणे. बहुतेक दगडाची गाडी ओढणाऱ्या माणसाच्या एखाद्या चित्रातून.

तर हे सगळं एका क्षणात माझ्यासमोर आलं आणि मी गुरुजींकडे गेलो. ते हॉलच्या दारात खुर्ची टाकून रजिस्टरवर बाहेरच्यांच्या सह्या घेत होते.

"गुरुजी, तो मी आहे."

"कोन?"

"ढोर ओढणारा."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. फोटोकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "नाही जमत," ते म्हणाले.

"पोट नंतरचं आहे."

मग मी मनगट दाखवलं, घड्याळ सांगितलं, राक्षसाची शिंगं सांगितली. सांगताना मला मजा येत होती, हे लपवत नाही. अशी गोष्ट नटाला किती वेळा मिळते? पण गुरुजींचं तोंड पाहिलं आणि शिंगांपाशी थांबलो. ते खुर्चीत अजून खाली गेले होते.

"तुमच्या मॅनेजरच्या सुनेनं दिला हा," ते म्हणाले. "सासरा वारल्यावर पेटीत भेटला म्हणे. मी पाहिला, काळापांढरा आहे. म्हटलं, जुनाच असंन."

"तेव्हा रंगीत महाग होता, गुरुजी. मॅनेजर कंजूस होता."

ते हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मघा जे बुढी आली होती, पाहिली?"

"तिनं मला बा म्हटलं."

"तिचा बा दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यातच गेला. फोटो कायचा राहते? मी घरोघर फिरलो तेव्हा तिच्या घरी काही नव्हतं. पण हॉल उघडला त्या दिवशी आली, या फोटोसमोर उभी राहिली अन् म्हणाली, हा माहा बा होय. आता मी काय करू? बापाचा पुरावा मागू तिले? मी तिच्या घराची मोकळी जागा भरून टाकली. सात-आठ वर्षं झाली. दर पौर्णिमेले येते. फूल ठेवते."

मी दाराबाहेर बघितलं. समोर बांधीत पाणी शांत उभं होतं.

"राहू द्या मग," मी म्हणालो. "कोणाला माहीत आहे? तुम्हाला आणि मला."

"यंदा दसऱ्याले गेटावर मोठा फ्लेक्स लावायचा आहे. बाहेरून लोक येणार आहेत. हाच फोटो निवडला. उद्या द्यायचा आहे छापाले." गुरुजींनी रजिस्टर मिटलं. "अन् मांगच्या महिन्यात एक साहेब आले होते. सगळं पाहून झालं अन् मले बाजूले घेऊन म्हणाले, गुरुजी, एवढं काही होत नव्हतं, तुम्ही लोक वाढवून सांगता. हा फोटो ओरिजिनल आहे काय? मी म्हटलं, ओरिजिनलच आहे साहेब. कोणाला कळलं की नाटकातला आहे, तं तो म्हणंल, पाहा, मी म्हणत होतो ना, नाटकच आहे. मग तो तुझ्या आजोबाच्या कोटावरही विश्वास ठेवणार नाही."

"आमच्या मंडळातले सगळे तर गेले."

"झाडीतले नट जात नाहीत," गुरुजी म्हणाले. "पानठेल्यावर बसून सांगत राहतात."

हे माझंच वाक्य होतं. मी कधीतरी त्यांच्यासमोर म्हटलेलं.

मला त्या दिवशी फार थकल्यासारखं झालं. गुडघ्यांचं सोडा, ते रोजचं आहे. आपल्या आजोबांच्या पाठीवर काय होतं हे दाखवायला कागद पाहिजे, कागदावर चित्र पाहिजे, चित्र ओरिजिनल पाहिजे, आणि ओरिजिनल काढणारा माणूस तर नाकाला रुमाल लावून निघून गेलेला. आणि आपण हॉल बांधायचा, दिवा लावायचा, रजिस्टर ठेवायचं, साहेबांना चहा द्यायचा. गुरुजी हे इतकी वर्षं एकट्यानं करत होते. त्यांच्याकडे बघून मला वाटलं, या माणसाला एक दिवस तरी कोणी काही विचारू नये.

"मजकूर बदलू," मी म्हणालो. "नाटकातला आहे असं लिहू. साहेब पुन्हा यायच्या आधी आपणच लिहू."

"अन् बुढी? तिले वाचता येत नाही, पण कोणीतरी वाचून दाखवनच."

"मग आधी तिला सांगावं लागेल."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. "डायलॉग तुझे," ते म्हणाले. "मी बाजूले उभा राहतो."

तिचं घर गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीजवळ. नात्यानं ती मला लांबची मोठी माय लागते, हे मला गुरुजींनी वाटेत सांगितलं. ती अंगणात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. जय भीम झाला. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोनाचा गा तू?"

मी आजोबांचं नाव सांगितलं.

"मंग नाटक्या होय तू. भंडाऱ्यात पक्कं घर बांधलं म्हनते. बस."

मी बाजेवर बसलो आणि सुरुवात केली. घर कसं आहे विचारलं, पाऊस विचारला, धानावर मावा आहे का विचारलं, सून कुठली विचारलं. पडदा उघडायच्या आधी जशी हार्मोनियम वाजत राहते तशी माझी वाजत राहिली. म्हातारीनं सूप थांबवलं.

"लग्नाची बोलनी लावून राहिला काय? सांग ना सीधं."

मग सांगितलं. बांधी, काजळी, तणसाचा बैल. शिंगांचं सांगितलं नाही. मनगटावरचा पट्टा सांगितला आणि हात पुढे केला, जसा काही डॉक्टरला दाखवतोय. तिनं हात पाहिला नाही. सूप पुन्हा हलवायला लागली. तांदूळ वर उडत, खाली येत. सून दारात येऊन उभी राहिली होती.

"काहून सांगतलं मले?" ती म्हणाली.

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी जमिनीकडे.

"मी मेल्यावर सांगतलं असतं तं काय बिघडलं असतं तुमचं? किती दिवस रायले माह्ये?"

"गेटावर बोर्ड छापाचा होता, माय," गुरुजी म्हणाले. "चुकीचं छापलं असतं तं लोकं..."

"छापा ना मंग." तिचा आवाज वाढला नाही. "बोर्डापायी बाप घेऊन चालले माहा."

मी रंगमंचावर विसरलो तर प्रॉम्प्टर असायचा, पडद्याच्या आडून वाक्य द्यायचा. इथं आडोसा म्हणून पारिजातकाचं एक झाड होतं. मी उठायला लागलो. वाटलं, माफी मागावी आणि निघावं.

"तुले कोनं शिकवलं तसं ओढाले?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. आजोबांना विचारलं होतं. त्यांनी शिकवलं नाही."

"नाई शिकवन थो." ती पहिल्यांदा थोडी हसली. "म्हनून चुकला तू."

"काय चुकलं?"

"उठ."

तिनं सुनेला सांगून गोठ्यातलं दावं आणायला लावलं. कोंड्याचं एक पोतं अंगणाच्या मध्ये आणलं. मी पोत्याला दावं बांधलं, खांद्यावरून घेतलं, वाकलो. मंडई आठवली. मी आधीपेक्षा बरं करतोय असंही वाटलं.

"खांद्यावून नाई. खांदा सोलते. कमरेले घे, गाठ मांगं."

मी कमरेला घेतलं.

"अन् खाली काहून पायते? काय पडलं आहे खाली? बा खाली नाई पाये. वाटेनं लोकं असत, कोनावर सावली पडली तं मार खावा लागे. थो समोर पाये, आवाज देत जाये. बाजूले व्हा बाप्पा, बाजूले व्हा. दे आवाज."

"बाजूले व्हा बाप्पा," मी म्हणालो.

"असा नाई. तू तं राजासारखा म्हनून राहिला."

गुरुजी पारिजातकाकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो, हळू. तिनं मान हलवली. मग सूप घेऊन उठली, एक हात कमरेवर, आणि माझ्या मागे, पोत्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"चाल."

मी चाललो. पोतं जड होतं. गुडघा बोलायला लागला. मागून सुपाचा वारा येत होता. मी वळून पाहिलं तर म्हातारी पोत्यावर सूप हलवत येत होती.

"हे काय, मोठी माय?"

"माशा. मी मांगून माशा हाकलत जात होती. कडुलिंबाची डांगी राहे माह्या हातात. रडाले नाई पाह्यजे म्हनून बा मले गोष्ट सांगत जाये. आवाज देये, मंग गोष्ट सांगे, मंग आवाज देये." ती थांबली, श्वास घेतला. "तुह्या फोटोत मी नाई. तवाच मले समजाले पाह्यजे होतं. पन मी म्हनो, फोटोवाल्यानं मले कापली असंन. आपन लहान होतो, कोन पायते."

मी दावं सोडलं नाही. सोडलं असतं तर काय करायचं ते कळलं नसतं. फाटकापर्यंत ओढत गेलो, ती मागून आली, आणि तिथं आम्ही दोघंही थांबलो. सून पाणी घेऊन आली. म्हातारी फाटकाच्या ओट्यावर टेकली.

"बस झालं. थकला तू."

"तुम्हीही."

"मी तं तवाचीच थकली आहो," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

दोन दिवसांनी गुरुजींनी तिला हॉलमध्ये बोलावलं. नवा मजकूर लिहून झाला होता. गुरुजींना त्यात दीक्षेचा इतिहास, तलावाचा इतिहास आणि एक ओवी घालायची होती; मी कापत गेलो. नाटकात माझीही वाक्यं अशीच कापली जायची, तेव्हा मी भांडायचो. शेवटी दोन ओळी उरल्या. गुरुजींनी फोटोसमोर उभं राहून तिला वाचून दाखवल्या, शाळेत वाचत असत तसंच.

"हा फोटो नाटकातला आहे. खऱ्या कामाचा फोटो काढायला कोणी आलं नाही."

ती ऐकत होती. "अन् मांगून पोरगी जाये, थे?"

गुरुजींनी खिशातला पेन काढला आणि तिथंच, उभ्याउभ्या, तिसरी ओळ लिहिली. ढोर ओढणाऱ्याच्या मागून त्याची लहान मुलगी माशा हाकलत चालायची. अक्षर थोडं तिरकं आलं. ते तसंच आहे.

फ्लेक्सचा प्रश्न आधीच सुटला होता. गेटावर आता कोटातली माणसं आहेत, रांगेनं. छापणाऱ्यानं गुरुजींना फोन करून विचारलं होतं, सर, एकच कोट सगळ्यांना कॉपी-पेस्ट झाला आहे, दुरुस्त करू का? गुरुजी म्हणाले, दुरुस्त करू नको, तो तसाच आहे. ते साहेब पुन्हा आले तर काय म्हणतील, माहीत नाही. काहीतरी म्हणतीलच.

आता राहिली तिच्या घराची जागा. माझा फोटो नाटकातला ठरला म्हणजे घरटी एक फोटो या नियमानं तिचं घर पुन्हा मोकळं झालं. गुरुजी म्हणाले, "माय, तुझाच काढू. लोक म्हणतात नाक बापाचंच आहे तुझं."

"नाक काय, राग बी त्याचाच आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाचा पाह्यजे होता तं कोटातला पाह्यजे होता. थो कोट येईपर्यंत रायला नाई."

तिच्या पदराच्या गाठीत त्या दिवशीही झेंडूचं फूल होतं. सवयीनं आणलेलं. गाठ सोडून तिनं ते हातात घेतलं, माझ्या फोटोखालच्या फळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आता हे कोनाले?" तिनं ते आपल्याच अंबाड्यात खोचलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

गुरुजींनी मोबाइल धरला. त्यांचा हात थरथरतो, म्हणून मग मी धरला. मी म्हणालो, मोठी माय, इकडं पाहा, थोडं हसा. ती म्हणाली, हसाले पैसे पडतात काय? आणि नेमकं तेव्हाच बटन दाबलं गेलं. डोळे अर्धे मिटलेले, तोंड बोलता बोलता थांबलेलं, फूल एका बाजूला कललेलं. मी म्हणालो, परत काढू. ती नाही म्हणाली. एकदा बसली तेवढं पुरे, परत परत कोन बसते. तोच फोटो आता तिथं लागला आहे, कोटांच्या मध्ये. मागे ना तलाव, ना हंस, फक्त टिनाची भिंत.

फोटो काढून झाल्यावर मी तिच्याजवळ खाली बसलो. ती माझ्या फोटोकडे बघत होती, काचेतल्या.

"सात-आठ वर्सं तू माहा बाप होता गा," ती म्हणाली. "काई मांगतला नाई, काई बोलला नाई, कदी मारलाबी नाई. असा बाप कोनाले भेटते?"

मी काहीतरी म्हणणार होतो. सुचत होतं, नटाला सुचतंच. पण तिनं माझ्या खांद्यावर हात टेकवला.

"चाल, उठव मले. गुडघे धरले."

माझेही धरले होते. शेवटी गुरुजींनीच आम्हा दोघांना एकेक करून उठवलं.